गुळाचा रंग आणि पिशवीवरचा शब्द

करवीर तालुक्यातल्या एका वाचकाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते आहे.

"भोगावतीकाठी आमचं आजोबांपासूनचं गुऱ्हाळ आहे. थोरल्या भावाबरोबर एकत्र कुटुंब. चार हंगामांपूर्वी मी गूळ पिवळा करणारी हायड्रोस पावडर बंद केली. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. गूळ थंड करायच्या वाफ्याजवळ बसून गरम गूळ मागायची आणि तिच्या हातावर तो ठेवताना माझा हात अडखळला. तेव्हापासून आमचा गूळ तांबूस, कधी काळपट येतो. निम्मा माल सौद्याला, म्हणजे लिलावाला, जातो, तिथं क्विंटलमागे चार-पाचशे रुपये कमी पडतात. उरलेला निम्मा 'सेंद्रिय गूळ' असं छापलेल्या एक किलोच्या पिशव्यांतून पुण्या-मुंबईच्या दोनशे घरांना थेट देतो. ऊस काही घरचा, काही शेजाऱ्यांचा. युरिया तर सगळेच घालतात. सोसायटीचं कर्ज थकलंय. दादा म्हणतो, 'तुझी तत्त्वं माझ्या पोरांच्या ताटातनं चाललीत.' अडत्या म्हणतो, गुजरातला पिवळाच लागतो, वर थोडी साखरही टाका, वजन भरेल. गेल्या फेब्रुवारीत एका रात्री गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं विचारलं, 'टाकू काय चिमूटभर?' मी दमलो होतो. हो म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही. त्या रात्रीच्या तीन आधणांचा, म्हणजे तीन वेळा रस उकळून केलेला, गूळ त्याच पिशव्यांतून गेला. कुणाला काही कळलं नाही, पण मला स्वतःची लाज वाटते. येत्या हंगामात हायड्रोस परत सुरू करू का? तत्त्व धरून घर बुडवायचं, की तत्त्व सोडून घर सांभाळायचं?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न तुम्ही असा मांडलाय की कुठलंही उत्तर दिलं तरी तुम्ही हरणारच. म्हणून तो थोडा वेळ बाजूला ठेवूया आणि आधी त्या फेब्रुवारीतल्या रात्रीकडे जाऊया.

त्या रात्री तुम्ही काही ठरवलं नव्हतं. चुलवाण पेटलेलं, आधण उकळतंय, गडी झोपेला आलेले, आणि गुळव्या तुमच्या तोंडाकडे बघतोय. त्या क्षणी "नको" म्हणायलाही बळ लागतं आणि ते दिवसभराच्या कामात संपलेलं होतं. मूल्यं सोडताना माणूस शांतपणे बसून, नफा-तोटा मांडून सोडतो असं आपण धरून चालतो. मला येणाऱ्या पत्रांत तसं फार क्वचित दिसतं. बहुतेक वेळा ती रात्री उशिरा सुटतात, घाईत सुटतात, दुसऱ्याच्या हातून सुटतात; आपण फक्त गप्प राहिलेलो असतो. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणीला असलेल्या मुलीनं मला लिहिलं होतं, की पाळी संपायला दहा मिनिटं असताना सुपरवायझरनं रिपोर्ट पुढं सरकवला आणि तिनं सही केली. कास्टिंग तिनं बघितलेलंच नव्हतं. तिच्या पत्रातही तुमच्यासारखंच होतं: मी हो म्हणाले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट अगदी साधी. येत्या हंगामात काय करायचं ते चूल पेटायच्या आधी ठरवा आणि गुळव्याला दिवसाउजेडी, शुद्धीवर असताना, स्पष्ट सांगा. तो काही वाईट माणूस नाही. गूळ पिवळा उतरला की त्याच्या हाताचं नाव होतं आणि काळा उतरला की लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. त्याला मध्यरात्री विचारायची वेळच येऊ देऊ नका. पावडरचा डबा गुऱ्हाळावर नसेल तर प्रश्नही येणार नाही.

आता हायड्रोसविषयी. मी रसायनशास्त्राची माणूस नाही, पण एवढं नक्की माहीत आहे की ही सोडियम हायड्रोसल्फाईटची पावडर रसातला रंग तेवढ्यापुरता उडवते. तीच गुळाची पिवळीधमक ढेप काही आठवडे गोदामात राहिली की पुन्हा काळवंडायला लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. मागे गंधकाचा अंश उरतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दशलक्षात ७० भागांची मर्यादा घातलेली आहे, आणि दमा असलेल्या काही जणांना सल्फाइटचा त्रास होतो. पण मर्यादेतला पिवळा गूळ म्हणजे विष, असं मी म्हणणार नाही. तुमच्या वडिलांनी तसाच गूळ केला असेल, त्यावर तुम्ही दोघं भाऊ वाढलात. खरी अडचण 'चिमूटभर' या शब्दात आहे. गुऱ्हाळावर पावडर मोजून कोण टाकतं? अंदाजानं पडते, आणि बाजारात पिवळेपणाची चढाओढ असली की अंदाज वरच जातो.

साखरेचं मात्र वेगळं आहे. गुळात साखर मिसळून वजन भरणं ही सरळ भेसळ आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. अडत्याला नको म्हणा.

आता तुम्हाला थोडं टोचेल असं लिहिते. तुम्ही ज्या तडजोडीला घाबरताय तिच्याआधीची एक तडजोड तुमच्या हातून चार वर्षांपूर्वीच झाली आहे आणि ती पिशवीवर छापलेली आहे. 'सेंद्रिय' म्हणजे हायड्रोस न घातलेला, एवढाच अर्थ नाही. ऊस शेतात कसा वाढला इथून तो शब्द सुरू होतो. युरियावर वाढलेल्या उसाचा गूळ काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, कितीही स्वच्छ शिजवला तरी सेंद्रिय होत नाही. पाकिटावर तो शब्द छापून विकायचा तर प्रमाणीकरण लागतं. एनपीओपी (बाहेरच्या संस्थेकडून तपासणी) नाहीतर पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची तपासणी), या दोनपैकी एका वाटेनं. लहान शेतकऱ्याला थेट विक्रीत काही सवलती आहेत, पण शेतात रासायनिक खत टाकून सेंद्रिय म्हणायची सवलत कुणालाच नाही.

तुम्ही मुद्दाम फसवलंत असं मला वाटत नाही. 'हायड्रोस नाही' हे पिशवीवर छापायला लांब वाटलं असेल, सगळे 'सेंद्रिय' लिहितात म्हणून तुम्हीही लिहिलंत. पण बघा, फेब्रुवारीतल्या तीन आधणांची लाज तुम्हाला झोपू देत नाही आणि चार हंगाम गेलेल्या हजारो पिशव्यांचं काहीच वाटलेलं नाही. आपली नजर एका जागी इतकी रोखलेली असते की शेजारचं दिसत नाही. तुमची नजर काहिलीवर होती, कारण मुलगी तिथं बसली होती.

माझी आई विद्यापीठाजवळ मुलांची खानावळ चालवायची. बुधवारी आणि रविवारी मटण. एका वर्षी मटणाचा दर इतका वाढला की जुन्या पैशात ताट परवडेना. शेजारच्या खानावळीत रस्सा पातळ झाला, मटणात दुसरं काय काय मिसळलं जायला लागलं, ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईनं दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'आजपासून ताटात दोन पीस कमी. दर तोच.' आठ-दहा मुलं सोडून गेली. आई दोन रात्री रडली, हे मी पाहिलंय. पण तिनं फळा पुसला नाही. तडजोड तिनंही केली होती. ताट खरोखरच हलकं झालं होतं. फक्त ज्याच्या ताटातले पीस कमी झाले त्याला ते बसायच्या आधी ठाऊक होतं.

मला वाटतं, तुमच्या पत्रातल्या सगळ्या गाठी इथं सुटतात. तडजोड करावी की नाही, याच्या आधी विचारायचं ते असं: याची किंमत कोण मोजणार आहे आणि त्याला ते माहीत आहे का? हायड्रोस घातलेला गूळ 'सेंद्रिय'च्या पिशवीतून गेला तेव्हा किंमत पुण्यातल्या एखाद्या आईनं मोजली, जास्त पैसे देऊन, आणि तिला ते माहीत नव्हतं.

पण हाच प्रश्न उलट्या बाजूनंही विचारा. चार वर्षं तुमच्या तत्त्वाची किंमत कोण मोजतंय? तुम्ही, आणि तुमचे दादा. पावडर बंद करताना तुम्ही दादांना विचारलं होतंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. "मी बंद केली" असं आहे. 'माझ्या पोरांच्या ताटातनं' हे त्यांचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला ते हिशोबाचं वाक्य वाटलं. एकत्र कुटुंबात एकानं तत्त्व धरलं की त्याचं देणं सगळ्यांच्या नावावर पडतं. ज्याला विचारलंच नाही, तो त्या तत्त्वाला तुमचा हट्ट म्हणणारच. ग्राहकाला न सांगता पावडर टाकणं आणि भावाला न विचारता त्याचं उत्पन्न कमी करणं, या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मलाही कळतं. पण दोन्हीकडे कुणाला तरी विचारायचं राहून गेलं.

तेव्हा दादांशी बोला, आणि हातात कागद घेऊन बोला. तत्त्वावर बोलायला बसलात तर भांडण होईल. तुमचेच आकडे घेते. समजा हंगामात २०० क्विंटल गूळ सौद्याला गेला, तर क्विंटलमागे ५०० धरून फरक एक लाखाचा. थकलेलं कर्ज एवढंच आहे का? की मजुरी, जळण आणि कारखान्याच्या दराशी स्पर्धा करून घेतलेला शेजाऱ्यांचा ऊस यातही पैसा जातोय? जिल्ह्यातली गुऱ्हाळं वर्षागणिक कमी होत चालली आहेत, आणि बंद पडलेल्यांत पिवळा गूळ करणारीही होती. घर नेमकं कशामुळं बुडतंय हे माहीत नसताना तत्त्व विकून काही फिटणार नाही. एका आधणाला खर्च किती, उतारा किती, सौद्यातला दर किती, पिशवीतला दर किती, एवढं दोघांनी मिळून मांडा. आकडा आला की दादांना विचारा: आपल्या घराला हे वर्षाला एवढ्याला पडतंय, तुम्हाला परवडेल का? पूर्ण नाही तर किती? ते "अजिबात नाही" म्हणाले, तर तो त्यांचाही हक्क आहे.

समोर वाटा काय आहेत, तेही बघूया.

तुम्ही काळ्या गुळाला नशीब समजून बसलात असं वाटतं. पावडर न टाकताही रंग बराच सुधारतो आणि त्याची सुरुवात शेतात होते. जादा नत्र दिलेल्या, उशिरापर्यंत युरिया टाकलेल्या उसाचा रस गढूळ असतो, गूळ काळा आणि मऊ पडतो. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, जमिनीतल्या उसाचंही तेच, वर खारट चव. म्हणजे जो युरिया तुमच्या पिशवीवरचा शब्द खोटा ठरवतोय तोच रंगही बिघडवतोय! को ९२००५ किंवा को सी ६७१ सारखी गुळाला चांगली जात, तोडल्यापासून दिवसाच्या आत गाळप, रस नीट गाळणं, भेंडीच्या पाण्यानं मळी वेळेवर काढणं, चुन्याची निवळी बेतानं, लोखंडी काहिलीऐवजी स्टेनलेस स्टीलची, आणि ११८ अंशांच्या आसपास काहील उतरवणं. यातलं निम्मं तुम्ही करतच असाल. कोल्हापुरात ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्र आहे. हंगामाआधी एकदा तिथं जाऊन तुमच्या गुळाचा नमुना दाखवा. हायड्रोसचा पिवळा येणार नाही, पण स्वच्छ सोनेरी-तांबूस येतो आणि सौद्यातली तूट कमी होते.

दुसरी वाट मला फारशी आवडत नाही, तरी ती अप्रामाणिक नाही. सौद्याला जाणारा निम्मा माल बाजाराला लागतो तसा करायचा, पण पावडर तराजूनं मोजून, प्रयोगशाळेत नमुना तपासून, मर्यादेच्या आत. तो साधा गूळ म्हणूनच जाईल. पिशव्यांचं आधण वेगळ्या दिवशी, काहील धुऊन. दादांना तग धरायला हे लागत असेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त एका गुऱ्हाळावर दोन रीती चालवायच्या म्हणजे पावडरचा डबा परत जागेवर येतो, आणि मध्यरात्री तो हाताशी असतो. फेब्रुवारीनंतर तुम्ही स्वतःला ओळखताय. हा धोका तुम्हीच तोला.

तिसरी वाट ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. एखादा हंगाम घरचा ऊस कारखान्याला घाला. शेजाऱ्यांचा घेऊ नका. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, ठरलेली असते, पैसे १४ दिवसांत देण्याचा नियम आहे. ते कधी लांबतात हे तुम्हालाही माहीत आहे, पण तोट्यातल्या गुळापेक्षा तो आकडा निदान आधी कळतो. फक्त पिशव्यांच्या गिऱ्हाइकांपुरती थोडी आधणं काढा. आजोबांची चूल थंड ठेवणं म्हणजे हार असं वाटेल. ज्या राधानगरीच्या पाण्यावर तुमचा ऊस उभा आहे, ते धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि पैशाच्या टंचाईनं ते अर्ध्यावर थांबलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा भिंत अपुरीच होती. ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतर. थांबलेलं काम थांबलंय असं म्हणता येतं, आणि नंतर पुढं नेता येतं.

माझं मत विचाराल तर, पहिली वाट धरा आणि पहिल्या वर्षी तिला तिसरीची जोड द्या. दादांनी दुसरी मागितली, तर एका हंगामापुरती, तारीख ठरवून.

हे लिहिताना माझ्यासमोर फक्त गुऱ्हाळ नाही. शिकवणीत कच्च्या मुलाच्या आईला "छान चाललंय" असं सांगणारे सर आहेत, साहेबांच्या सांगण्यावरून जुनी तारीख टाकणारी बँकेतली बाई आहे, सासरी शांतता राहावी म्हणून जाऊबाईंवरचा खोटा आळ ऐकून घेणारी सून आहे. या सगळ्यांना मी हेच सांगते: तुमची रेघ कुठं आहे ते निवांत असताना कागदावर लिहा, आणि घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला वाचून दाखवा. मनातली रेघ सरकते आणि सरकल्याचं आपल्यालाही कळत नाही. दुसऱ्यानं ऐकलेली असली की तो विचारतो. आणि रेघेच्या अलीकडे भरपूर जागा ठेवा. सगळ्याच गोष्टींना तत्त्व म्हटलं की माणूस पहिल्याच वर्षी थकतो आणि नेमकं जे सोडायचं नव्हतं तेच सोडतो. गुळाचा रंग, पिशवीचा आकार, किती घरांना द्यायचा, कारखान्याला किती घालायचा, या सगळ्यात वाकायला हरकत नाही. खाणाऱ्याला आपण काय सांगतो, तिथं रेघ.

राहिला पिशवीवरचा शब्द आणि ती तीन आधणं. हे दोन्ही दिवाळी पाडव्याच्या सौद्याआधी उरकून टाका. छापलेल्या पिशव्या उरल्या असतील तर त्या शब्दावर पट्टी चिकटवा: 'हायड्रोस न घातलेला गूळ'. तेवढं तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता. आणि दोनशे घरांना एक निरोप पाठवा. कसा लिहायचा म्हणून अडाल, म्हणून मसुदा देते:

'नमस्कार. आमच्या पिशवीवर सेंद्रिय असं छापलेलं होतं. ऊस रासायनिक खतावर वाढतो, त्यामुळं तो शब्द चुकीचा होता, तो आम्ही काढला आहे. गुळात आम्ही हायड्रोस घालत नाही, पण गेल्या फेब्रुवारीत एका रात्रीच्या मालात ती पडली आणि तो तुमच्यापैकी काहींकडे आला असेल. माफी असावी. त्या महिन्यात घेतलेल्या पिशव्यांचे पैसे मागाल तर परत देऊ. यंदाच्या गुळाचा तपासणी अहवाल मालाबरोबर पाठवू.'

पाठवायच्या आधी दादांना वाचून दाखवा. ते नको म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल म्हणतील. काही तुटतीलही, माझ्या आईची आठ-दहा तुटली तशी. त्यांचं ऐकून घ्या, शब्द बदलायचे तर बदला, पण निरोप जाऊ द्या. जे पैसे मागतील त्यांना त्याच दिवशी पाठवा, का म्हणून विचारू नका. आणि हिशोबाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा, कुणी काय उत्तर दिलं ते लिहायला.